घासाची थाप

तीळ झोडायचे तर काठी हलक्या हातानं मारावी लागते. जोर केला की बोंडं काड्यांसकट तुटतात आणि मग पाखडताना नाकी नऊ येतात. हे दुर्गीनं त्या सकाळी मार्तंडाला चौथ्यांदा सांगितलं. मार्तंडानं चौथ्यांदा मान डोलावली आणि पेंढीवर अशी काठी हाणली, की तिनं जणू त्याचं घोडंच मारलं होतं.

"आरं, तीळ हाय का वैरी हाय तुझा?" दुर्गी म्हणाली. "ध्यान कुठं हाय?"

"इथंच है, जिज्जी."

"इथं न्हाई. सकाळधरनं टेसनाच्या वाटंकडं बघतूयास. कोण यायचंय?"

"कोई नईं."

चादरीच्या दुसऱ्या टोकाला शेजारच्या पार्वतीकाकू पेंढ्या उलट्या धरून झाडत होत्या. त्यांच्या तोंडाला कधी सुट्टी नसे. "आगं, थोरल्याचं लगीन ठरलंय. आता धाकट्याला बी सपनं पडाया लागली आसतील. टेसनातनं नवरी उतरंल म्हून बघत आसंल."

मार्तंड एरवी हसला असता. त्या दिवशी त्याचे कान लाल झाले आणि तो खाली बघून पेंढ्या मोजत बसला. दुर्गीनं ते पाहिलं आणि सोडून दिलं. लहान भावाचं मन ओळखण्यात आपला हातखंडा आहे असं तिला वाटायचं. माणूस फसतो तो असा.

दसरा होऊन आठ दिवस झाले होते. ऊन अजून पाठीला चावत होतं, पण वारा सुका झाला होता आणि तिळाला असाच वारा लागतो. सेमरीची जमीन म्हणजे राकड, नुसती खड्यांची आणि लाल. गहू तिच्यात उगवायचं नाव घेत नाही. तिळाला मात्र तिची भूल पडते. एरचहून बेतवेच्या काठानं आलं की पहिलं गाव सेमरी, आणि गावात मराठी घरं चार. त्यातलं एक या तिघा भावंडांचं. त्यांचा खापरपणजा झाशीच्या फौजेबरोबर उंटावर नगारा वाजवत आला होता. फौज गेली, उंट मेला, नगारा फुटला. घराणं तेवढं राहिलं, आणि घराण्यात वाजवायची खोड राहिली.

थोरला नीलकंठ. गळा त्याचा, पेटीही त्याची. धाकट्या मार्तंडाकडं तुणतुणं. आणि मधल्या दुर्गीकडं ढोलकी. बाईमाणसाच्या हातात ढोलकी म्हणून लोक आधी नाकं मुरडायचे आणि ऐकल्यावर गप्प बसायचे. बाप तानाजी असताना कुणी त्याला बोललंच, तर तो म्हणायचा, "गळा त्याला दिला, हात हिला दिला. वाटणी देवानं केली, मी कोण बदलणार?"

दुर्गीचं लग्न झालं आणि दोन वर्षांत प्लेगानं नवरा नेला. सासरच्यांनी तिला बैलगाडीत बसवून परत पाठवलं. सहा महिने ती कुणाशी बोलली नाही. एका दुपारी नीलकंठानं ढोलकी आणून तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "दुर्गे, रडायचं तर तालात रड." ती रडली, तालात रडली आणि तिथून पुन्हा माणसांत आली.

पुढं एकदा एरचच्या जत्रेत पंच म्हणाले, बाई मंचावर नको, दोघे भाऊ बसा. नीलकंठानं जागेवरच पेटी बांधली. "ती न्हाई तर आम्ही न्हाई," म्हणाला आणि तिघं भर उन्हात पायी घरी आली. त्या उन्हाची आठवण दुर्गीनं जन्मभराच्या शिदोरीसारखी बांधून ठेवली होती. नवरा गेला, सासर गेलं. तिच्यापाशी होती ती ही तिघांची बैठक, आणि 'ती न्हाई तर आम्ही न्हाई' हे पाच शब्द.

त्यांचं नाव झालं होतं ते एका ओवीमुळं. आई दळताना म्हणायची ती.

बेतवेच्या पल्याड गं माहेराचा घाट,
डोळे लावुनी बसले मी, उजाडली पहाट,
दळण सरंना बाई... भाऊ विसरला वाट.

'दळण सरंना बाई' म्हटलं की आई थांबायची. मूठभर ज्वारी उचलून जात्याच्या तोंडात घास घालायची, जातं एक फेरा मुक्यानं फिरायचं, आणि मगच 'भाऊ' यायचा. पोरं गाणं शिकली ती त्या थांबण्यासकट. गाणाऱ्याला हे चूकच वाटेल, कारण त्या जागी ताल एक फेरा लांबतो. पण नीलकंठाचा गळा तिथं आपोआप थांबायचा, आणि त्या रिकाम्या जागेत दुर्गी ढोलकीच्या जाड अंगावर एकच थाप द्यायची. भरदार आणि जरा उशिरा, आईच्या मुठीतून दाणे पडावेत तशी. तिघं तिला घासाची थाप म्हणत. ती पडली की बसलेल्या बायका डोळ्यांना पदर लावत. गावोगावचे ढोलकीवाले ती उचलायला बघत आणि एका अक्षरानं चुकत.

माघात झाशीला दतिया दरवाजापाशी आबासाहेबांच्या घरी मुंज होती. आबासाहेब सेमरीच्या निम्म्या शिवाराचे मालक, छावनीतल्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. त्या मुंजीत या तिघांचं गाणं झालं, आणि पाहुण्यांत गाण्याच्या तबकड्या भरणाऱ्या कंपनीचा एक माणूस बसला होता. तो उठून पुढं आला. "ये जो बाई ने थाप मारी, यही चाहिए. होली के बाद साहब आएँगे. छावनी के बंगले में आ जाओ, तीनों."

तीनों. दुर्गीनं तो शब्द घरी आणला, चुलीपाशी ठेवला, विहिरीवर नेला. तबकडीच्या शेवटी गाणाऱ्यानं आपलं नाव ओरडून सांगायचं असतं, असं त्या माणसानं सांगितलं होतं. नीलकंठ म्हणाला, "मी तिघांची नावं सांगंन. दुर्गी म्हून ओरडंन, बेतवेपल्याड ऐकू जाईल आसं."

होळी झाली. बैल झाशीला न्यायचेत, दाताचा इलाज करायचाय, असं काहीबाही सांगून नीलकंठ आणि मार्तंड पुढं गेले. साहेब आला की निरोप धाडतो म्हणाले. दुर्गीनं ढोलकीला नवी दोरी ओवली. पाचव्या दिवशी दोघं परत आले. "सायबाला ताप चढला. आगगाडीनं मुंबईला गेला. ऱ्हायलं ते," नीलकंठ म्हणाला. दुर्गीनं त्या न पाहिलेल्या साहेबाच्या तब्येतीसाठी शनिवारी मारुतीला तेल घातलं. हे सांगताना आजही राग येतो, पण तिनं घातलं खरं.

चैत्रात नीलकंठाचं लग्न ठरलं. मुलगी झाशीच्या गोपाळरावांची. गोपाळराव रेल्वेच्या कचेरीत हेडक्लार्क, घरात घड्याळ, दारात सायकल. तेव्हापासून नीलकंठ महिन्यातले वीस दिवस झाशीत राहायला लागला आणि बैठका कमी झाल्या. दुर्गी म्हणायची, लग्न झालं की होईल सुरळीत.

तर तिळाच्या त्या सकाळी टेसनाच्या वाटेनं बैलगाडी आली. एरच रोडच्या टेसनावर उतरून आबासाहेब दरसाल तिळाचा वाटा बघायला यायचे, तसे आले होते. पण या खेपेला गाडीत त्यांच्या मांडीशी एक पेटी होती आणि पेटीवर धोतऱ्याच्या फुलासारखा पितळी कर्णा.

मार्तंडानं काठी टाकली. "जिज्जी, घरी चल. मेरा पेट दुखतंय."

"पोट तुझं दुखतंय, मी येऊन काय करू? ओवा खा जा."

आबासाहेबांनी खळ्यावरच्या लिंबाखाली पेटी ठेवली. गाव गोळा झालं. ते कपाळाचा घाम पुसत दुर्गीकडं वळले, तोंड भरून हसत. "काय गं दुर्गे! एवढी गोष्ट झाली आणि तू आम्हाला कळवलीसुद्धा नाहीस? झाशीच्या बाजारात तबकडी आली तुमची. मी पहिल्याच दिवशी घेतली. म्हटलं, सेमरीला न्यायचीच."

"कुणाची तबकडी, आबासाहेब?"

"भई, तुमचीच! आईची ओवी!"

दुर्गीला वाटलं, थट्टा आहे. हातात सूप होतं, तसंच घेऊन ती पुढं झाली. आबासाहेबांनी चावी दिली, सुई टेकवली. आधी तेलात काही तळावं तशी चरचर झाली. मग कर्ण्यातून नीलकंठाचा गळा आला. बारीक आलेला, डब्यात बसून गावा तसा, पण त्याचाच. लोक "अरे राम राम" म्हणत मागं सरले. पार्वतीकाकूंनी कर्ण्यात डोकावून पाहिलं.

दुर्गी ऐकत होती. पेटी दादाची. तबला कुणा परक्याचा, घाईचा. आणि मागं तुणतुणं. त्या तुणतुण्याची खुंटी ढिली होती आणि तार दर चार ठोक्यांनी उतरायची. त्या तुणतुण्याला कातडं दुर्गीनंच मढवलं होतं. ती खुंटी तिनं हजार आवाजांत ओळखली असती. तिनं मार्तंडाकडं पाहिलं. तो पेंढ्यांच्या आड जमिनीकडं बघत उभा होता.

तेवढ्यात ओवीची तिसरी ओळ आली. 'दळण सरंना बाई...' आणि नीलकंठ थांबला. तबलजी थांबला नाही. तो आपला धडधडत पुढं गेला, आणि त्या घाईत एक भोक पडलं, त्यात नीलकंठाचा गळा नुसता उभा राहिला. दुर्गीच्या मनात काही आलं नव्हतं. पण उजवा हात उठला आणि सुपावर थाप पडली. भरदार, जरा उशिरा. '...भाऊ विसरला वाट.'

लिंबाखालचं सगळं गाव एकदम हुंकारलं. ओवी जागच्या जागी बसली होती. पुढच्या कडव्यालाही तेच झालं. भोक पडलं, थाप पडली, ओवी बसली. शेवटी चरचरीतून नीलकंठ मोठ्यानं ओरडला, "नीलकंठराव, झाँसीवाले!" आणि सुई रिकामी फिरत राहिली.

एकच नाव. दुर्गी त्या कर्ण्याकडं बघत थांबली, जणू अजून कुणी आतून यायचं राहिलंय. कुणी आलं नाही.

तिनं मार्तंडाला बेतवेच्या उतारावर गाठलं. दंडाला धरून तिनं त्याला आपल्याकडं वळवलं.

"सांग."

"जिज्जी, दादाने कसम..."

"सांग म्हणते ना."

मार्तंड लहान मुलासारखा रडत बोलत गेला. लग्नाची बोलणी होळीआधीच चालू होती आणि गोपाळरावांनी अट घातली होती. जावयाची विधवा बहीण चारचौघांत ढोलकी बडवते हे त्यांच्या घराला चालणार नव्हतं. तबकडी तर गावोगाव जाणार, तिच्यावर हिचं नाव आलं तर मुलगी देणार नाही म्हणाले. म्हणून छावनीतला तबलजी घेतला. "तीन बार गायलं, जिज्जी. गाणं कोरायच्या, मोमाच्या तीन थाळ्या होत्या. तीनो बार दादा घासाला थांबला. तबलजी शिव्या द्यायला लागला. साहेब म्हणाला, मोम खतम, जे झालं ते झालं."

"आन त्या माणसानं माझं इचारलं न्हाई? त्यानंच तर म्हटलं हुतं, तीनों."

मार्तंडानं पायानं एक खडा उतारावरून खाली ढकलला.

"इचारलं का न्हाई?"

"विचारलं. वो बाई कहाँ है, म्हणून."

"मग?"

"दादा बोलला... बहीण प्लेगात वारली."

बेतवेचं पाणी खाली खडकांवरून जात होतं. दुर्गीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं, बरोबरच ऐकलं.

"आन तू काय करत हुतास तवा?"

"मी तुणतुणं लावत होतो, जिज्जी."

एवढं ऐकल्यावर तिला पुढं काही विचारायचं उरलं नाही. थोरल्यानं मारलं आणि धाकट्यानं सूर लावला. ज्या दादानं ढोलकी मांडीवर ठेवून तिला जिवंत केलं होतं, त्यानंच साहेबासमोर तिला चितेवर ठेवलं होतं, तेही ज्या रोगानं तिचा नवरा नेला त्याच रोगाचं नाव घेऊन. तिला राग आला होता, पण रागापेक्षा जास्त लाज वाटत होती, मारुतीला घातलेल्या त्या तेलाची.

ती परत खळ्यावर आली आणि पाखडायला बसली. पार्वतीकाकूंनी जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून घेतलं आणि शेजारी बसून तिळातले खडे वेचू लागल्या.

तीन दिवसांनी नीलकंठ आला. अंगात कोट, डोक्याला जरीची टोपी, टेसनापासून चालत आल्यानं कोटावर लाल धूळ. मार्तंडानं त्याला वाटेतच सगळं सांगितलं असावं, कारण तो आला तोच खळ्यावर आणि आला तोच हात जोडून.

"दुर्गे, माझं ऐकून घे."

दुर्गी पाखडत राहिली.

"बाजारात हसत्यात मला. म्हणत्यात, झाँसीवाले गवय्ये बीच में भूल जाते हैं. तबकडी कुणी घेईना. कंपनीचा माणूस म्हणतो, यकदा अजून भरू, पर थाप बरोबर पायजे. तसा हात साऱ्या झाशीत न्हाई. मी सोळा ढोलकीवाले बशिवले, एकाला जमंना. साहेब देवदिवाळीला येतोय. तू चल."

दुर्गीचं सूप थांबलं. खोटं का सांगावं, तिच्या जिवात चटकन दिवा लागला. दादा न्यायला आला होता. ओवीतला भाऊ विसरला होता, हा आला होता. तिनं वर पाहिलं. "नाव?"

नीलकंठानं टोपी काढून हातात धरली. "मधी पडदा लावू. तू पल्याड बसायचं. ढोलकीवर कुणी दत्तात्रेय हाय, आसं सांगू. गोपाळरावांना बी कळायचं न्हाई, सायबाला बी न्हाई. हात तर तुझाच ऱ्हाईल ना, दुर्गे? तबकडीवर तर तूच आसशील!"

दिवा विझायला वेळ लागला नाही.

आबासाहेब वाट्याच्या तिळासाठी अजून गावातच होते आणि आजची तिसरी बैठक लिंबाखाली भरली होती. गावाला त्या बाज्याचं वेड लागलं होतं. ते तिथूनच ओरडले, "आला का आमचा गवई! ये, ये. दुर्गे, तूही ये गं. तुझ्या सुपाशिवाय या तबकडीत राम नाही. त्या दिवसापासून सगळे तेच म्हणतायत."

"बघ," नीलकंठ हळूच म्हणाला. "सारं गाव बी तेच म्हणतंय. चल, बाई. मी तुझ्या पाया पडतो."

दुर्गी सूप घेऊन उठली आणि लिंबाखाली जाऊन बसली. नीलकंठ तिच्यासमोर बसला. मार्तंड लांब बसला. सुई टेकली, चरचर झाली, गळा आला. लोक कर्ण्याकडं बघत नव्हते, दुर्गीच्या हाताकडं बघत होते. नीलकंठही बघत होता. बेतवेपल्याडचा घाट झाला, पहाट उजाडली.

'दळण सरंना बाई...'

तबलजी पुढं गेला. नीलकंठाचा गळा थांबला. समोर बसलेल्या नीलकंठाचाही श्वास थांबला. दुर्गीचा तळहात सुपाच्या कडेवर होता, आणि तो उचलायला लागू नये म्हणून तिला किती जोर लावावा लागला ते तिचं तिलाच ठाऊक. तिनं सूप घट्ट धरलं. भोक तसंच राहिलं, उघडं, सगळ्या गावासमोर. मग पलीकडून एकटाच, बावरलेला '...भाऊ' आला आणि तबल्यामागं धडपडत निघाला. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

नीलकंठाचा चेहरा उतरला. "दुर्गे, थाप का न्हाई दिलीस?"

"मेलेल्या बाईचा हात कुठनं आणू, दादा?"

आबासाहेब एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिले. कर्ण्यातून पुढचं कडवं येत होतं, आणि त्याच्याही शेवटी तेच भोक पडणार हे आता सगळ्यांना माहीत होतं. नीलकंठानं उठून सुई उचलायला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," दुर्गी म्हणाली. "वाजू दे पुरी. नाव शेवटाला येतं."

ती उठून खळ्यावर गेली. वारा चांगला सुटला होता. तिनं सुपात तीळ घेतले आणि आपल्या लयीत पाखडायला सुरुवात केली.